हळू बोला

अकोल्यातल्या आमच्या वाचनालयात बालनाट्याची तालीम अभ्यासिकेला लागूनच चालायची, मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करणारा धम्मदीप. पोरांचा आवाज चढला की तो पार्टिशनवर थाप मारायचा, "हळू बोला न बे! आमी अभ्यास करून राहिलो!" शेवटी माझी पोरं अख्खं नाटक कुजबुजत करायला शिकली.

आज प्रयोगाला हॉल भरलेला, अमरावतीचे परीक्षक पहिल्या रांगेत, अन् ऐनवेळी माईक बंद. राजा झाड तोडायला निघतो आणि वनराणी झालेली पिंकी त्याला अडवते, असा प्रसंग. पिंकी हात पसरून पुढे आली, बोललीही. पण तालमीतल्याच आवाजात. दुसऱ्या रांगेलाही ऐकू जाईना. "काय म्हणते वं पोरगी?" बायका एकमेकींना विचारू लागल्या. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मी विंगेतून हातवारे करून थकले, पण पिंकीची नजर शेवटच्या रांगेवर खिळली होती. तिथे धम्मदीप बसला होता. त्याला बघून तिचा उरलासुरला आवाजही गेला.

धम्मदीप उठून उभा राहिला. यानं इथेही पोरीला गप्प केलं, तर मी सगळ्यांसमोर त्याचं थोबाड फोडणार होते.

 

"पिंके, जोरात बोल न वं! 'महाराज, आधी माझ्यावर कुऱ्हाड चालवा!' महिनाभर आयकून मले पाठ झालं, तू काहून घाबरून राहिली?"