बुंध्याजवळचा मासा

रूफस पेटवेने पुन्हा गळ फेकला. रबरी गांडूळ पाण्याला टेकतंय न टेकतंय तोच काठी वाकली.

"आला रे बाबा!"

होडीच्या पुढच्या टोकाला उभ्या, चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन लेम्युअल टार्व्हरने ओठ आवळले. रबरी गांडूळ म्हणजे सबुरीचं काम. तळाशी बसू द्यायचं, हळूच ओढायचं, थांबायचं. अख्ख्या अलाबामात बास मासा असाच धरतात. आणि हा रूफस पाणगवतावरून गांडूळ सरसर पळवत नेतो, तेही डीकनने आधीच चाळून सोडलेल्या जागी, आणि मासे त्याच्यामागे धावत सुटतात?

"गांडुळाला चोपडलंयस तरी काय?"

"प्रार्थना," रूफस हसला. "तू जरा भरभर फेक, लेम. तुझं गांडूळ पाण्यातच म्हातारं होतंय."

त्याच बुडालेल्या बुंध्यापाशी सकाळी डीकनचा दोरा अडकून तुटला होता. गांडूळ, गळ, दोरा बुडायला लावलेलं शिसं, सगळं बुंध्याने खाल्लं. आणि आता तिथूनच रूफसने दिवसातला सगळ्यात मोठा मासा वर काढला.

रूफस कॉफी ओतायला पाठमोरा झाला, तसा डीकनने धरलेले मासे जिवंत ठेवायच्या होडीतल्या टाकीत हात घातला. त्या माशाच्या पोटावरून बोटं फिरवली. आत काहीतरी टणक लागलं. गोटीएवढं.

स्पर्धा जिंकायला माशात शिसं कोंबून वजन वाढवणारे लोक असतात, हे त्याने ऐकलं होतं. पण रूफस? पास्टर उपदेश करता करता गाऊ लागले की ज्याचा "होय, प्रभू!" सगळ्यांच्या आधी उठतो, तो रूफस? डीकनला कॉफी गेली नाही.

चर्चच्या स्पर्धेचा नियम साधा होता. होडीतल्या जोडीदाराने तराजूपाशी हात वर करून म्हणायचं, याने मासे सचोटीने धरलेत. मग मासे जिवंतच तळ्यात परत.

"बोला, डीकन," धक्क्यावर तराजूपाशी पास्टर म्हणाले.

डीकनचा हात वर गेला नाही. "त्या मोठ्याचं पोट उघडून बघा."

रूफस त्याच्याकडे बघत राहिला.

"लेम, मासा मरेल रे."

"बघा म्हणतो ना मी!"

"मग मीच कापतो," रूफस म्हणाला, आणि त्याने सुरी काढली.

पोटातून निळं गांडूळ निघालं. त्यात रुतलेला गळ, वर तुटका दोरा, आणि दोऱ्यात दात कोरायची काडी खोचून घट्ट बसवलेलं शिसं. लालभडक.

"अगं बाई!" गर्दीतून डीकनची बायको व्हर्नेल ओरडली. "हा तर माझ्या नखांचा रंग! म्हणजे बाटली अशी संपते होय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. चर्चमध्ये शिसं रंगवणारा माणूस एकच होता.

"बुंधा नव्हता तो सकाळी," रूफस म्हणाला. "मासाच होता, लेम."

त्याने ते शिसं पाण्यात विसळलं, डीकनच्या तळहातावर ठेवलं, आणि मेलेला मासा उचलून कडेच्या फळीवर नेला. पाठ करून खवले काढू लागला.

मोठ्या कढईत कोंबडी तळायला तेल तापलं होतं. ताटं मांडून झाली होती. पास्टरांनी घसा खाकरला. "डीकन, जेवणाआधी गीत उचला."

डीकनने एक ओळ एकट्याने म्हणायची, मंडळींनी ती लांबवत गायची, अशी तिथली रीत. आणि ओळ झेलणारा पहिला आवाज नेहमी रूफसचा.

लेम्युअलने टोपी काढली. मूठ मिटलेलीच होती. त्याने ओळ म्हटली.

कुणीही ती झेलली नाही. सगळे फळीकडे बघत होते. तिथून खवले खरवडल्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र.

मग तो आवाज थांबला, आणि रूफसने छातीभर श्वास घेतला.