पहिला घाव घरच्याचा

रांजणाच्या तळाला तांब्या घासला. खर्रकन आवाज झाला, तसं ओसरीवर बसलेले सुंदरराव मान न वळवता म्हणाले, "संपलं का?"

"तांब्याभर असंल, मामा," शिवकन्या म्हणाली. तिनं त्यातलंच थोडं पाणी पिठात घातलं आणि मळायला घेतलं. सासरे सकाळपासून पहिल्यांदा बोलले होते.

उंबऱ्यात तिची लेक तुळजा पुस्तक उघडून बसली होती. इंग्रजी शाळेतल्या मॅडमनी राजांचे आणि झाडांचे शब्द दिले होते. कोणता शब्द कुठून आला, ते उद्या वर्गात सांगायचं होतं.

"लॉर्ड," तुळजा म्हणाली. "लॉर्ड म्हणजे मालक. पण आधी त्याचा अर्थ होता, भाकरीची राखण करणारा."

"इंग्रजाला कुठली आली गं भाकरी?"

"पाव हो आबा. मीच भाकरी केली त्याची. आन लेडी म्हणजे पीठ मळणारी."

शिवकन्याचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे आई लेडी," तुळजा म्हणाली.

"आन मी?"

"तुमी चेअरमन. चेअरमन न्हाई ह्यात." तिनं पान उलटलं. "ऑरेंज. हा शब्द तर आपल्याकडूनच गेला आबा. नारंग. इथून इराणला, मग अरबांकडं, मग तिकडं विलायतेला."

"गेला म्हणून वाचला," सुंदरराव म्हणाले.

बांधाकडून जेसीबीची घरघर ऐकू आली. तुळजानं पुस्तक मिटलं.

सुंदरराव पाणी सोसायटीचे चेअरमन. सोसायटीच्या विहिरीत उरलेलं पाणी आता फक्त प्यायला, असं दिवाळीनंतर ठरलं, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी आपल्याच मोसंबीचं पाणी तोडलं होतं. होळीपर्यंत पानं झडली. तेव्हापासून रात्री उठून ते विहिरीच्या मोटारीपर्यंत जायचे आणि हात न लावता परत यायचे. परवा जेवता जेवता ते म्हणाले, "बाग मेली. जेसीबी सांगितलाय." मिरगापर्यंत थांबून बघू का, असं शिवकन्यानं विचारलं होतं. "मेल्याला कशाचा मिरग," एवढंच बोलून ते ताटावरून उठले. नवरा पुण्याला कंपनीत होता. फोनवर तो म्हणाला, आबा म्हणतेत तर खरंच असंल.

जेसीबीवाला सटवा अंगणात आला. चपला काढून पायरीशी उभा राहिला.

"चला चेअरमन."

"गुडघं धरल्यात माझं. तू कर सुरू."

"असं कसं? घरच्याचा घाव पडल्याबिगर मी झाडाला बकेट लावीत न्हाई. औंदा लई बागा काढल्या, पर एक बी तशी काढली न्हाई. तलवाड्यात तर एक म्हातारी खाटंवर घालून आणली व्हती बांधावर. तुमचं गुडघंच धरल्यात."

"सून यील."

सटवानं शिवकन्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. "चालतंय. घरच्याच की."

सुंदररावांनी तिच्याकडं बघितलं नाही. "जा," म्हणाले.

पीठ अर्धंच मळून झालं होतं. तिनं त्यावर ताट झाकलं, हात पदराला पुसले. हळदी-कुंकवाचा करंडा तुळजाच्या हातात दिला आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

बाग अंगणाला लागूनच होती. झाडं ओळीनं उभी होती, नुसत्या काड्यांची. खाली पानांचा चुरा पडला होता. त्याच्यावरून चालताना आवाज होत होता, म्हणून तुळजा टाचा उचलून चालत होती.

पहिल्या झाडाला शिवकन्यानं हळद लावली, कुंकू लावलं. काय म्हणायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला. मनात काहीच आलं नाही. भाकरी किती जणांच्या टाकायच्या, एवढंच आलं.

मग तिनं घाव घातला. एकच. फार जोरात नाही.

"झालं वैनी," सटवा यंत्रात चढत म्हणाला. "लेकराला घिऊन बाजूला व्हा. त्या टोकाकडून धरतो, हे झाड शेवटी."

यंत्र ओळीच्या पलीकडच्या टोकाला गेलं. बकेट खाली आली. एक झाड तिरपं झालं, मग आडवं. मुळं वर आली, मातीचा भुगा उडाला. फार वेळ लागला नाही. दुसरंही तसंच गेलं.

कुऱ्हाड घावातच अडकली होती. शिवकन्यानं ती हिसकून काढली. तुळजानं वाकून घावात बोट घातलं, बाहेर काढलं, नाकाशी नेलं.

"आई."

साल निघाली होती तिथं आत पोपटी होतं. ओलं. मोसंबीचा वास येत होता.

शिवकन्यानं शेजारच्या झाडाला नख लावलं. वरची करडी साल पापुद्र्यासारखी निघाली. खाली पोपटीच. ती तिसऱ्या झाडाकडं गेली. तिथंही. पलीकडं चौथं की पाचवं झाड आडवं झालं.

"ओ सटवाभाऊ!" तिनं हाक मारली. यंत्राच्या आवाजात ती तिला स्वतःलाच नीट ऐकू आली नाही. तिनं हात वर केला. सटवाला वाटलं, जा म्हणतायत पुढं. त्यानंही हात वर केला आणि बकेट पुढच्या झाडाला लावली.

तिनं वळून घराकडं बघितलं. ओसरीवर सुंदरराव बागेकडं पाठ करून बसले होते. दोन्ही हात कानांवर होते.

तुळजानं तिचा पदर ओढला.

"आई, ही तर जित्ती हायेत. मग आबा मेली कावून म्हणले?"