समोर बघा

"पळाले बघा डोळे," बायको म्हणाली आणि हातातल्या चमच्यानं तिनं टेबलावर टकटक केली.

ड्रायव्हरनं मान पुन्हा सरळ केली. समोर लॅपटॉप आणि दोन्ही कानशिलांवर बुटांच्या खोक्यातून कापलेली पुठ्ठ्याची झापडं. घोड्याला लावतात तशी. बायको पाळणाघरात कामाला होती. चुळबुळ्या जिवांना एका जागी बसवायचं तिला चांगलं साधायचं. पण नवरा त्या पोरांना भारी होता.

तो ज्या विद्यापीठात प्रवेश घेऊ बघत होता ते ऑनलाइन होतं, खास मोठ्या माणसांसाठी काढलेलं. प्रवेशाच्या अटीही माणुसकीला धरून होत्या. वय पंचविशीच्या पुढं हवं. शाळा अर्धवट सुटलेली असली तरी चालेल, जुने गुण कुणी विचारणार नाही. त्याऐवजी एक पात्रता परीक्षा द्यायची, आपल्याच घरात, कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकट्यानं. ड्रायव्हरनं अभ्यास मन लावून केला होता. पहिल्या खेपेला उत्तरंही झरझर सुचत होती. मध्येच प्रश्न गायब झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. उमेदवार वारंवार डावीकडे-उजवीकडे पाहत आहे, परीक्षा रद्द.

आपण कुठं पाहत होतो, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. मग एकदा बायकोनं त्याला जेवताना निरखलं आणि तिला उलगडा झाला. अर्धं आयुष्य बस चालवलेला माणूस. डावा आरसा, समोर, उजवा आरसा, समोर. घास तोंडात असतानाही डोळ्यांची फेरी चालूच.

"लग्न ठरवायला आलात तेव्हाही असंच करत होतात," ती म्हणाली. "आईला वाटलं, मुलगा पळायला वाट शोधतोय."

तो हसला, पण त्याला धास्ती वाटत होती. आता एकच संधी उरली होती. मणका कुरकुरायला लागला होता आणि डॉक्टरांनी लवकरच बस सोडायला सांगितली होती. डेपोत टेबलावरचं काम मिळण्यासारखं होतं, पण पदवीला प्रवेश घेतला असेल तरच. नाहीतर घरी बसायचं. आणि शिकायचं राहून गेलं ही सल तर जुनीच होती. वडील गेले त्या वर्षी त्याचं दप्तर खुंटीला लागलं ते कायमचंच.

झापडांचा गुण आला. हळूहळू मान थांबली, मग डोळेही थांबले. बायकोचा चमचा गप्प झाला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," तो डेपोत सगळ्यांना सांगायचा. "आमच्या हिनं ती जिवंतपणी घालवली."

परीक्षेच्या आदल्या सकाळी त्यानं नेहमीसारखी थांब्यावरून बस काढली. लगेच बाहेरून कुणीतरी पत्र्यावर धाडधाड हात मारला आणि आतले प्रवासी ओरडले. त्यानं ब्रेक दाबला. दरवाजाला लागून एक सायकलवाली बाई पडता पडता सावरत होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिनं त्याला मोजक्या शब्दांत धुतलं आणि ती निघून गेली. ड्रायव्हर मात्र स्टिअरिंग धरून तसाच बसला. त्यानं आरशात बघितलंच नव्हतं. त्याला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांची.

घरी येऊन त्यानं झापडं फाडली आणि कचऱ्यात टाकली.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे परीक्षा देणार नाही?"

"देणार. पण मान जशी फिरते तशी फिरू दे."

"परत रद्द करतील हो."

"करू देत. मी शिकलो नाही म्हणून आजवर कुणी मेलं नाही. हे नुसतं समोर बघायचं शिकलो तर मरेल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं जेवायला वाढलं आणि तो जेवताना इकडेतिकडे बघत राहिला.

पहिल्या खेपेला परीक्षेवर यंत्राची नजर होती. या खेपेला माणूस होतं. पडद्याच्या कोपऱ्यात चष्मा लावलेली एक तरुण मुलगी आली आणि तिनं खोली फिरवून दाखवायला सांगितली. त्यानं दाखवली. बायको आधीच बाहेर पायरीवर जाऊन बसली होती.

"आता समोर बघा, काका. सुरू करायचं?"

"थांबा मॅडम, आधीच सांगतो," तो म्हणाला. "मी बस चालवतो. माझी नजर आरशांकडे जाणार, इथं आरसे नसले तरी. ही सवय मी मोडली होती, तर काल एक बाई माझ्या बसखाली येता येता वाचली. आता मी ती मोडणार नाही. तुमच्या नियमात बसत नसेल तर आत्ताच सांगा."

मुलगी खाली मान घालून काहीतरी वाचत राहिली. बराच वेळ. त्यानं मनातल्या मनात लॅपटॉप मिटलासुद्धा.

"काका, डोळे हलवू नका असा नियमच नाही," ती म्हणाली. "तुम्ही जिकडं बघता तिकडचं मलाही दिसलं पाहिजे, एवढाच आहे. घरात आरसे आहेत?"

एक दाढीचा निघाला, दुसरा बायकोच्या कपाटावरचा. ती सांगेल तसे त्यानं ते दोन्ही बाजूंना पुस्तकांना टेकवून उभे केले. तिला टेबलाच्या दोन्ही कडा दिसायला लागल्या.

"दिसलं मला सगळं. करू सुरू?"

"एक मिनिट," तो म्हणाला. त्यानं डावा आरसा बोटभर आत वळवला, उजवा किंचित खाली केला. तिनं अजून दिसतंय अशी मान हलवल्यावर त्यानं पाठ सीटला टेकवावी तशी खुर्चीला टेकवली.

पहिला प्रश्न समोर आला. ड्रायव्हरनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि गाडी काढली.