अठरावं पोतं

सिस्टरनं हिरवी चादर मंदाबाईच्या तोंडावर ओढली, तेव्हा उदारामला कळलं की आपली बायको गेली. सकाळचे साडेदहा वाजले होते. आठ वाजता ती त्याच्या खांद्याला धरून, पण आपल्या पायांनी, दवाखान्याची पायरी चढली होती.

डॉक्टर वहीत लिहीत होते. उदाराम टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

“का लिहून राहिले, साहेब?”

“पोटदुखी. मग हृदय बंद पडलं. इथं अंगठा लावा, म्हणजे बॉडी नेता येईल.”

“सही येते मले. पन ह्याच्यावर नाई करत.”

रात्री मंदाबाई जमिनीवर, तणसाच्या पेंढ्यावर चटई टाकून झोपली होती. पहाटे पोटात कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, पाणी गिळता येईना. उदारामनं हे सगळं सांगितलं होतं. डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या आणि तिला बाकावर पडून राहायला सांगितलं होतं.

तेवढ्यात मंदाबाईचा भाऊ सुखराम धापा टाकत आत आला. त्यानं हातातली युरियाची पिशवी फरशीवर पालथी केली. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा मण्यार बाहेर पडला. डोकं ठेचलेलं होतं.

“चटईखाली होता, भाऊजी.”

डॉक्टरांनी पाय मागे घेतले. “हे बघा, साप चावला की दातांची खूण असते, सूज असते. बाईला तसं काही नव्हतं. म्हणजे तिला साप चावलाच नाही. साधी गोष्ट आहे.”

“सर,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली, “मण्याराची खूण पुष्कळदा दिसतच नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.”

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती दोन पावलं मागे सरली.

“अन् खून नव्हती हे तरी तुमी कुठं पाहले?” उदाराम म्हणाला. “तिच्या अंगाले हात लावला का? तिचे डोरे मिटून राहिले होते, मी तीनदा सांगतलो. तीनदा!”

“अरे बाबा, या महिन्यात पोट दुखणाऱ्या सतरा बाया आल्या. सतराही जणींना पित्त होतं. याच गोळ्यांनी बऱ्या झाल्या. मग अठरावी आल्यावर मी काय समजायचं?”

उदाराम बावीस वर्षं गोंदियाच्या राईस मिलमध्ये धान पारखत होता. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर धान काढायचं, दाणा दाताखाली धरून ओल सांगायची, एवढंच त्याचं काम. त्याचा आवाज चढला.

“सतरा पोती कोरडी निघाली म्हनून अठराव्यात परखी नाई घातली, तर शेठ मले त्याच दिवशी गेटाबाहेर काढते. धानाच्या पोत्यासाठी काढते, साहेब! सतरा पाहून अठराव्याचं सांगाचं, तर मले कायले ठेवलं असतं तिथं?”

उदाराम सिस्टरकडे वळला.

“बाई, सापाची सुई होती का इथं?”

सिस्टरनं कोपऱ्यातल्या फ्रिजकडे पाहिलं. “आहे,” ती म्हणाली, आणि मान खाली घातली.

सुखरामनं उदारामचा दंड धरला. “चला भाऊजी. तिले घरी न्यायचं आहे.”

“जोवर लिहिलं ते खोडत नाई, तोवर नाई नेत.”

सही न करता उदारामनं वही डॉक्टरांकडे परत सरकवली. वहीखाली एक चिठ्ठी होती. त्यानं ती उचलून वाचली. त्याच गोळ्या.

“हे कोनाचं?”

“बाहेरच्या आजीचं,” सिस्टर म्हणाली. “पोट दुखतंय म्हणून आली आहे.”

दारातून बाक दिसत होता. आजी लुगड्याचा पदर पोटाशी घट्ट धरून बसली होती. तिला अजून कोणी तपासलं नव्हतं.