बिनआवाजाचा कॅमेरा

दुकानातल्या शलाकाने दाखवलेला चौथा कॅमेराही काकांनी बाजूला सारला, तशी ती वैतागली. "अहो काका, हा सगळ्यात भारी! फोटो काढताना जरासुद्धा आवाज होत नाही."

"तीच तर पंचाईत आहे," काका म्हणाले. तरी तिच्या आग्रहाखातर त्यांनी स्टुलावर बसलेल्या काकूंचा एक फोटो काढला. काकू हसल्या, आणि तशाच हसत राहिल्या. शेवटी गाल तसेच ताणून म्हणाल्या, "झाला का हो?"

तेव्हा कुठे शलाकाला त्यांच्या मांडीवरची पांढरी काठी दिसली.

ती आत गेली आणि एक जुना कॅमेरा पुसत घेऊन आली. काकांनी बटण दाबलं. खट्ट!

काकूंनी गाल सैल सोडले. "हाच घ्या हो. फोटो झाला की सांगतो बिचारा."