अप्पांनी दिलेला शब्द

रक्तदाबाचा पट्टा दीड वर्षाच्या लेकीच्या दंडाला दोनदा गुंडाळला, तरी घसरून कोपरावर आला.

"लहान पट्टा नाही?" मी विचारलं.

"इथे मुलं फारशी येत नाहीत," नर्स म्हणाली.

डॉक्टर हसले. "हर्निया तो हर्निया. मोठ्यांचा काय, छोट्यांचा काय."

सासऱ्यांनी मान डोलावली. "यांच्या हाताला गुण आहे. माझं ऑपरेशन यांनीच केलं. हिच्यासाठी उद्या सकाळचा शब्द दिलाय मी."

मी पट्टा काढला, लेकीला कडेवर घेतलं. "अप्पा, हिला मुलांच्या सर्जनकडे नेतेय."

"अन् माझ्या शब्दाचं काय?"

नवऱ्यानं गाडीची किल्ली काढली.

"शब्द तुमचा आहे, अप्पा," मी दारातून म्हणाले. "उद्या टेबलावरही तुम्हीच झोपा."