पुराव्यातला फोटो

"ट्रकच्या धडकेत मणक्यातली गादी सरकली, आता काही उचलता येत नाही, असंच ना?" विमा कंपनीच्या वकिलांनी कोर्टात विचारलं.

"हो साहेब." कमरेचा पट्टा सावरत मी म्हणालो.

"मग हे काय?" त्यांनी माझ्यापुढे एक फोटो नाचवला. कंपनीच्या माणसाने तो लपून काढला होता. ओढ्याकाठच्या वाटेवर पुढे मी, दोन्ही हातांवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मागे चौघेजण, सगळे मोकळ्या हातांनी चाललेले. "चांगले धडधाकट चार गडी सोबत होते, तरी गाठोडं तुम्हीच उचललंत! भरपाई कसली मागता?"

"गाठोडं नाही साहेब, मुलगी आहे माझी. दोनच दिवस जगली. एवढ्याशा बाळाला तिरडी बांधत नाहीत. बापानंच हातांवर न्यायचं असतं."

वकील खाली मान घालून फोटो फायलीत परत सरकवू लागले.

मी पटकन त्याचं टोक धरलं.

"साहेब, भरपाईचं काय व्हायचं ते होवो. हा फोटो तेवढा मला द्या. तिच्या आईकडे तिचा एकही नाही."